एक रंग, दोन निष्कर्ष : चेतापेशी सिद्धांताच्या वादाचा इतिहास

प्रस्तावना

मराठी बोलीत ‘मज्जातंतू’ हा शब्द सर्वपरिचित आहे. ‘चेतापेशी’ हा शब्द मात्र प्रामुख्याने पाठ्यपुस्तकांतून रूढ झाला. दोन्ही शब्द एकाच संस्थेविषयी बोलतात, पण त्यांच्या पोटी दोन भिन्न कल्पना आहेत. ‘तंतू’ म्हटले की सलग धागा डोळ्यांसमोर येतो आणि धागे एकमेकांत गुंतले की त्यांचे जाळे होते. ‘पेशी’ म्हटले की सीमा असलेला, स्वतंत्र अस्तित्व असलेला घटक अभिप्रेत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील शरीररचनाशास्त्रज्ञ नेमक्या याच प्रश्नावर विभागले गेले होते. मेंदू हे एक अखंड जाळे आहे की असंख्य स्वतंत्र पेशींचा समुदाय आहे, हा तो प्रश्न होय.

या वादाचे दोन प्रमुख प्रतिनिधी म्हणजे इटलीतील कामिल्लो गॉल्गी (१८४३–१९२६) आणि स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल (१८५२–१९३४). दोघांनी एकच अभिरंजन पद्धती वापरली. दोघांच्या सूक्ष्मदर्शकांखाली सारख्याच प्रकारच्या काचपट्ट्या होत्या. तरीही दोघांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले आणि १९०६ मध्ये एकाच पुरस्काराच्या व्यासपीठावरून ते परस्परविरोधी स्वरूपातच मांडले गेले. डोळ्यांना दिसणारा पुरावा एकच असताना निष्कर्ष दोन का झाले आणि हा वाद अखेर कोणत्या मार्गाने मिटला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पेशी सिद्धांत आणि मेंदूचा अपवाद

१८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींबाबत आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांबाबत पेशी सिद्धांत मांडला. सर्व सजीव पेशींचे बनलेले आहेत, हे तत्त्व पुढील दोन दशकांत बहुतेक सर्व ऊतींना लागू झाले. मेंदू मात्र या नियमाला सहजासहजी वश झाला नाही. याचे कारण पेशींच्या आकारात होते. त्वचेची किंवा यकृताची पेशी एका दृष्टिक्षेपात पूर्ण दिसते. मेंदूतील पेशीला मात्र असंख्य फाटे असतात, ते दूरवर जातात आणि शेजारच्या हजारो पेशींच्या फाट्यांत मिसळल्यासारखे दिसतात. फाटा कोठे संपतो, हे त्या काळातील रंजनद्रव्यांच्या साहाय्याने सांगता येत नव्हते.

१८३७ मध्ये पुर्किन्ये यांनी अनुमस्तिष्कातील मोठ्या पेशींचे वर्णन केले होते. ओटो डायटर्स या तरुण जर्मन संशोधकाने एकेक पेशी सुईने अलग करून तिच्या फाट्यांचे दोन प्रकार ओळखले. एक लांब, फारसा न फाटणारा (आजचा अक्षतंतू) आणि दुसरे आखूड, झाडाच्या फांद्यांसारखे पसरणारे (आजच्या वृक्षिका). डायटर्स यांचा १८६३ मध्ये अकाली मृत्यू झाला आणि त्यांचे संशोधन १८६५ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. पुढे १८७० च्या दशकाच्या आरंभी योसेफ फॉन गेर्लाख यांनी वृक्षिकांची अतिसूक्ष्म टोके एकमेकांत विलीन होऊन अखंड जाळे तयार होते, असे प्रतिपादन केले. हाच ‘जालिका सिद्धांत’ होय. तत्कालीन उपलब्ध पुराव्याच्या आधारे हा सिद्धांत वाजवी होता, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. उद्दीपन शरीराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विनाखंड जाते, तेव्हा त्याचा मार्गही सलग असला पाहिजे, हा तर्क स्वाभाविक होता.

गॉल्गी आणि कृष्ण अभिक्रिया

पेशीविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ‘गॉल्गी संकुल’ या नावाने परिचित असलेली रचना कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये वर्णन केली. तथापि त्यांचे सर्वांत क्रांतिकारक कार्य त्याच्या पंचवीस वर्षे आधीचे आहे. १८७२ मध्ये गॉल्गी पाविया विद्यापीठाचे वातावरण सोडून आबियातेग्रासो या लहान गावातील असाध्य रुग्णांच्या रुग्णालयात मुख्य वैद्य म्हणून रुजू झाले. तेथे संशोधनाची कोणतीही सोय नव्हती. आपल्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघरातच त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि १८७३ मध्ये मेंदूतील करड्या द्रव्याच्या रचनेवरील आपला लेख प्रसिद्ध केला.

त्यांची पद्धती वर्णनास सोपी आहे. मेंदूचा तुकडा प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात बराच काळ ठेवून कठीण केला जातो आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणात बुडवला जातो. त्यामुळे काही पेशींच्या आत सिल्व्हर क्रोमेटचा काळा साका बसतो. पिवळसर पार्श्वभूमीवर ती पेशी आपल्या सर्व फाट्यांसह शाईने रेखाटल्यासारखी उमटते. म्हणूनच गॉल्गी यांनी तिला ‘कृष्ण अभिक्रिया’ म्हटले. या पद्धतीचे खरे सामर्थ्य तिच्या एका विचित्र उणिवेत होते. असंख्य पेशींपैकी अगदी थोड्याच पेशी रंगतात. सर्व पेशी रंगल्या असत्या तर संपूर्ण काप काळा झाला असता आणि काहीच उमगले नसते. घनदाट अरण्यात फक्त काही झाडे उजळून निघावीत आणि त्यांचे मूळ, खोड, फांद्या वेगळ्या दिसाव्यात, तसे हे घडले. हीच झाडे का उजळतात, याचे समाधानकारक स्पष्टीकरण आजही उपलब्ध नाही.

या काचपट्ट्यांवरून गॉल्गी यांनी दोन निष्कर्ष काढले. पहिला असा की वृक्षिकांची टोके मोकळी असतात आणि म्हणून गेर्लाख यांचे जाळे चुकीचे आहे. हा निष्कर्ष बरोबर होता. दुसरा असा की अक्षतंतूंच्या उपशाखा मात्र परस्परांत मिसळून सर्वत्र पसरलेले एक जाळे बनवतात आणि चेतासंस्थेचे कार्य या जाळ्यातून चालते. वृक्षिकांकडे त्यांनी केवळ पेशीच्या पोषणाचे काम सोपवले. या मतामागे एक व्यापक धारणाही होती. मेंदूचे प्रत्येक कार्य एका ठरावीक जागी बांधलेले असते, हा विचार गॉल्गी यांना पटत नव्हता. मेंदू समग्रतेने कार्य करतो, असे त्यांना वाटत होते आणि अखंड जाळे ही कल्पना या समग्रतेला शारीरिक आधार पुरवत होती.

काहाल : पद्धती तीच, सामग्री वेगळी

कृष्ण अभिक्रिया बराच काळ दुर्लक्षित राहिली. ती लहरी होती. कधी साका बसे, कधी बसत नसे. १८८७ मध्ये माद्रिद येथे मनोविकारतज्ज्ञ लुइस सिमारो यांच्याकडे काहाल यांनी या पद्धतीने रंगवलेले काप प्रथम पाहिले. काहाल तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. बालपणी त्यांना चित्रकार व्हायचे होते. शल्यचिकित्सक वडिलांच्या आग्रहाने ते वैद्यकाकडे वळले, लष्करी वैद्य म्हणून क्यूबात गेले आणि तेथून हिवतापाने जर्जर होऊन परतले. १८८५ च्या पटकीच्या साथीत त्यांनी केलेल्या कार्याची दखल घेऊन सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला होता. हे साधन आणि चित्रकाराचा हात, ही त्यांची भांडवली गुंतवणूक होती.

१८८७ मध्येच बार्सेलोना येथे प्राध्यापकपद मिळाल्यावर काहाल यांनी गॉल्गींच्या पद्धतीत दोन महत्त्वाचे बदल केले. एक म्हणजे रंजनाची क्रिया त्यांनी दोनदा केली, त्यामुळे परिणाम अधिक खात्रीचे झाले. दुसरा बदल अधिक मूलगामी होता. प्रौढ प्राण्याच्या मेंदूऐवजी त्यांनी पक्ष्यांचे व लहान सस्तन प्राण्यांचे भ्रूण आणि नवजात पिल्ले निवडली. प्रौढ मेंदूत अक्षतंतूंवर मायेलिनचे आवरण असते आणि त्यावर काळा साका नीट बसत नाही. भ्रूणात ते आवरण तयार झालेले नसते, फाटे आखूड असतात आणि गुंताही कमी असतो. पूर्ण वाढलेले अरण्य समजत नसेल तर रोपवाटिका पाहावी, असा हा विचार होता.

मे १८८८ मध्ये काहाल यांनी पदरमोड करून स्वतःचे त्रैमासिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या अवघ्या ६० प्रती छापल्या आणि त्या प्रामुख्याने परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. या अंकात पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कावरील लेख होता. अनुमस्तिष्कातील काही पेशींचे अक्षतंतू पुर्किन्ये पेशींच्या देहाभोवती टोपलीसारखी वीण करतात, पण त्या पेशीत शिरत नाहीत, हे त्यांनी दाखवले. अक्षतंतूंची टोकेही वृक्षिकांप्रमाणे मोकळी असतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. गॉल्गी यांच्या जाळ्याचा अखेरचा दुवा त्यामुळे तुटला.

बर्लिन, १८८९ : भाषेची भिंत

या शोधाला प्रारंभी प्रतिसाद मिळाला नाही. त्या काळी शरीररचनाशास्त्राचे व्यवहार जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषांत चालत. स्पॅनिश भाषेतील, बार्सेलोनातून निघालेले ६० प्रतींचे नियतकालिक कोणी वाचावे, अशी अपेक्षाच नव्हती. लेख फ्रेंचमध्ये प्रसिद्ध करूनही संशय दूर होईना. अखेर ऑक्टोबर १८८९ मध्ये काहाल स्वखर्चाने बर्लिन येथील जर्मन शरीररचनाशास्त्र परिषदेला गेले. आपल्या काचपट्ट्या त्यांनी सूक्ष्मदर्शकांखाली मांडल्या आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये उपस्थितांना एकेक करून त्या दाखवल्या. परिषदेतील ज्येष्ठ शास्त्रज्ञ अल्बर्ट कोलिकर, जे पूर्वी जालिका सिद्धांताकडे झुकलेले होते, त्या काचपट्ट्या पाहून काहाल यांचे समर्थक बनले. काहाल यांचे लेखन मुळातून वाचता यावे म्हणून त्यांनी उतारवयात स्पॅनिश भाषेचा अभ्यास केला, असे सांगितले जाते.

या प्रसंगातून ज्ञानव्यवहाराची एक बाजू स्पष्ट होते. विद्येच्या केंद्रापासून दूर, अल्पप्रसिद्ध भाषेत आणि लहान नियतकालिकात मांडलेले सत्य सत्य असूनही आपोआप स्वीकारले जात नाही. ते इतरांना स्वतःच्या डोळ्यांनी तपासता यावे, अशी सोय करावी लागते. आबियातेग्रासोतील गॉल्गी आणि बार्सेलोनातील काहाल दोघेही परिघावरचेच होते. विद्वानांच्या मालिकेत काहाल यांना स्थान मिळाले ते काचपट्ट्या घेऊन स्वतः परिषदेस गेल्यानंतर, हे विसरता येत नाही.

नामकरण आणि दिशेचा नियम

काहाल एकटे नव्हते. १८८६–८७ या काळात विल्हेल्म हिस यांनी भ्रूणाच्या अभ्यासातून असे दाखवले की प्रत्येक चेतातंतू एका पेशीतून अंकुरासारखा वाढतो. ऑगस्ट फोरेल यांनी वेगळ्या वाटेने तेच गाठले. एखाद्या तंतूला इजा केली की ऱ्हास सामान्यतः त्याच पेशीपुरता मर्यादित राहतो. जाळे अखंड असते तर ऱ्हास सर्वत्र पसरायला हवा होता. फ्रिड्टयॉफ नान्सेन, जे पुढे ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून विख्यात झाले, यांनीही १८८७ मध्ये जालिका सिद्धांताविरुद्ध मत नोंदवले. १८९१ मध्ये विल्हेल्म वाल्डेयर यांनी हे सर्व संशोधन एकत्र मांडून ‘न्यूरॉन’ ही संज्ञा प्रचारात आणली. वाल्डेयर यांचे या विषयात स्वतःचे मूलभूत संशोधन नव्हते, पण नाव मिळाल्याने विखुरलेल्या निरीक्षणांना सिद्धांताचे रूप आले.

त्याच वर्षी काहाल यांनी दिशेचा नियम मांडला. दृष्टिपटलात आणि गंधज्ञानाच्या मार्गात उद्दीपन बाहेरून आत जाते, ही गोष्ट निर्विवाद होती. या दोन्ही ठिकाणी वृक्षिका बाहेरच्या बाजूला आणि अक्षतंतू मेंदूच्या बाजूला असल्याचे त्यांना दिसले. यावरून आवेग वृक्षिका व पेशीदेहाकडून अक्षतंतूकडे एकाच दिशेने वाहतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या आकृत्यांत बाण दिसतात ते याच नियमाचे. मृत, स्थिर काचपट्टीवर कोणताही प्रवाह दिसत नाही. बाण हे तर्काने काढलेले होते. सिद्धांताची खरी ताकद या तर्कात होती, कारण आता रचनेवरून कार्य वाचता येऊ लागले. दिशाहीन जाळ्याच्या कल्पनेत अशा वाचनाला वाव नव्हता.

स्टॉकहोम, १९०६

१९०६ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार गॉल्गी आणि काहाल यांना विभागून देण्यात आला. वैद्यकशास्त्राचा पुरस्कार विभागून दिला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. दोघांची प्रत्यक्ष भेटही तेव्हाच प्रथम झाली. ११ डिसेंबर रोजी गॉल्गी यांनी आपल्या व्याख्यानाचा विषयच चेतापेशी सिद्धांत हा निवडला आणि तो सिद्धांत आता मागे पडत असल्याचे सांगून त्याचे खंडन केले. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी त्याच सिद्धांताच्या पुष्ट्यर्थ आपली निरीक्षणे मांडली.

इतिहासलेखनात हा प्रसंग बहुधा गॉल्गी यांच्या हट्टाचे उदाहरण म्हणून रंगवला जातो. परंतु त्यांच्या आक्षेपात एक तार्किक मुद्दा होता. काळा साका जेथे थांबतो तेथे तंतू संपतो, हे कशावरून? रंग पुढे गेला नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. न रंगलेला भाग अस्तित्वातच नाही, असे म्हणता येत नाही. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची पृथक्करणक्षमता सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंतच मर्यादित आहे. दोन चेतापेशींमधील फट सामान्यतः सुमारे २० नॅनोमीटर असते. म्हणजे ज्या फटीवरून हा वाद चालला होता, ती गॉल्गी किंवा काहाल यांपैकी कोणालाही दिसणे शक्यच नव्हते. काहाल यांचा विजय हा प्रत्यक्ष दर्शनाचा नव्हता. भ्रूणविज्ञान, ऱ्हासाचे प्रयोग, असंख्य ठिकाणी पुन्हा पुन्हा आढळणारी मोकळी टोके आणि दिशेचा नियम अशा स्वतंत्र वाटांनी आलेले पुरावे एकाच ठिकाणी मिळत होते, त्या एकवाक्यतेचा तो विजय होता. १९०७ मध्ये अमेरिकन संशोधक रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतीचा तुकडा शरीराबाहेर लसिकेच्या थेंबात वाढवला आणि पेशीतून तंतू बाहेर पडताना जिवंतपणी दाखवला. हिस यांच्या अनुमानाला त्यामुळे प्रत्यक्षाचा आधार मिळाला.

फटीचा प्रश्न

पेशी स्वतंत्र आहेत हे मान्य केले की नवा प्रश्न उभा राहतो. आवेग एका पेशीतून दुसरीत जातो कसा? १८९७ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी या संपर्कस्थानाला ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. हा शब्द ग्रीक भाषेचे अभ्यासक आर्थर व्हेराल यांनी सुचवला होता. प्रतिक्षिप्त क्रियेला लागणारा वेळ निव्वळ तंतूतील वहनाला लागणाऱ्या वेळापेक्षा अधिक असतो आणि वहन एकाच दिशेने होते, या शरीरक्रियात्मक निरीक्षणांवरून शेरिंग्टन यांनी त्या स्थानाचे वेगळेपण ओळखले होते. न दिसलेल्या वस्तूला नाव प्रथम मिळाले आणि दर्शन अर्धशतकानंतर घडले.

१९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग केला. पहिल्या हृदयाची व्हेगस चेता उद्दीपित केल्यावर त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिल्यावर, त्याच्या चेतेला स्पर्शही न करता, त्याचेही ठोके मंदावले. संदेश रासायनिक द्रव्याच्या रूपाने पोहोचला होता. हे द्रव्य ॲसिटिलकोलिन असल्याचे पुढे निश्चित झाले आणि लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चा नोबेल पुरस्कार मिळाला. तरीही मेंदू व मेरुरज्जूतील वहन रासायनिक नसून विद्युतीय असते, असे जॉन एकल्स यांच्यासारखे संशोधक दीर्घकाळ मानत होते. न्यूझीलंडमध्ये तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या सहवासात एकल्स यांनी आपले गृहीतक खोटे ठरू शकेल इतक्या नेमकेपणाने मांडण्याची शिस्त स्वीकारली. १९५१ मध्ये मांजराच्या मेरुरज्जूतील पेशीत सूक्ष्म विद्युदग्र घालून केलेल्या प्रयोगात त्यांचे स्वतःचेच गृहीतक खोटे ठरले आणि त्यांनी ते जाहीरपणे सोडले. याच सुमारास, १९५२ मध्ये, हॉजकिन व हक्सली यांनी माकुळाच्या महाकाय अक्षतंतूवरील प्रयोगांतून आवेग म्हणजे सोडियम व पोटॅशियम आयनांच्या आतबाहेर होणाऱ्या हालचालीचा परिणाम असल्याचे गणिती स्वरूपात सिद्ध केले. आवेग तंतूत विद्युतीय आणि बहुतेक फटींत रासायनिक, हे चित्र आता पूर्ण झाले. फटीचे प्रत्यक्ष दर्शन १९५०च्या दशकाच्या मध्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घडवले. काहाल तेव्हा हयात नव्हते.

गॉल्गी यांच्या वाट्याचे सत्य

इतिहास येथे थांबला असता तर तो जेत्यांचा इतिहास झाला असता. १९५९ मध्ये फर्शपान आणि पॉटर यांनी गोड्या पाण्यातील क्रेफिश या कवचधारी प्राण्यात विद्युतीय सिनॅप्सचा सविस्तर पुरावा दिला. अशा ठिकाणी दोन पेशींची पटले अगदी जवळ येतात आणि सूक्ष्म नलिकांद्वारे आयन थेट एकीतून दुसरीत जातात. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असे संपर्क आहेत. पेशी तेथेही वेगळ्याच राहतात, पण त्यांच्यातील सीमा काहाल यांनी कल्पिली त्याहून सच्छिद्र आहे. २०२३ मध्ये कंकतधर वर्गातील एका सागरी प्राण्याच्या चेताजालाचा काही भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासला असता तेथील तंतू खरोखरच एकमेकांत अखंडपणे विलीन झालेले आढळले. गॉल्गी यांचे जाळे मानवी मेंदूत नव्हते. निसर्गात मात्र ते होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, निरीक्षण कधीही निव्वळ निरीक्षण नसते. समग्रतेवर विश्वास असलेल्या गॉल्गी यांना जेथे जाळे दिसले, तेथेच काहाल यांना मोकळी टोके दिसली. दुसरी, साधनाची मर्यादा गाठली की पुरावा वाढवण्याचा मार्ग सामग्री बदलण्यात आणि अन्य शाखांची मदत घेण्यात असतो. काहाल यांनी नवे साधन शोधले नाही, त्यांनी भ्रूणाची निवड केली. चेतापेशी सिद्धांत रसायन, भ्रूणविज्ञान, विकृतिविज्ञान, भौतिकी आणि तत्त्वज्ञान यांच्या समन्वयातून उभा राहिला. तिसरी, सिद्धांत स्वीकारला गेला म्हणून पराभूत पक्षाचे सर्वच आक्षेप निरर्थक ठरत नाहीत.

२००९ मधील मोजणीनुसार मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्या वेगळ्या आहेत म्हणूनच त्यांच्यातील संपर्क बदलू शकतात आणि शिकणे, स्मरण यांसारख्या क्रियांचा आधार या बदलांत शोधला जातो. आवेगाला रोखणाऱ्या अथवा पुढे जाऊ देणाऱ्या या सूक्ष्म अंतराचा शोध प्रथम एका स्वयंपाकघरात आणि नंतर ६० प्रतींच्या एका नियतकालिकात सुरू झाला. वर्गात ‘चेतापेशी’ची आकृती फळ्यावर काढताना अक्षतंतूच्या टोकाशी आपण सहजपणे जी मोकळी जागा सोडतो, तिच्यामागे सुमारे ऐंशी वर्षांचा वाद उभा आहे, याची जाणीव विद्यार्थ्यांना करून दिली तर विज्ञान हे तयार उत्तरांचे संकलन नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.